घाटात ज्याला कुणी गाठू शकलं नाही, तो फाउस्तो कोप्पी एका डासामुळे गेला

२०१९ साली इटलीतल्या एका छोट्याशा खेड्याचं नाव बदललं. कास्तेल्लानिया हे जुनं नाव जाऊन कागदोपत्री 'कास्तेल्लानिया कोप्पी' असं नवं नाव आलं. गाव केवढं? तर जेमतेम शंभरच्या घरात वस्ती. पण जगभरातले सायकलवाले आजही घाम गाळत हा चढ चढून वर येतात. कारण फाउस्तो कोप्पी इथे जन्मला आणि इथेच त्याची समाधी आहे.

आता हा कोप्पी कोण, तर सायकलिंगच्या जगात ज्याचं नाव आजही सगळ्यात वरच्या दोन-तीन माणसांत घेतलं जातं तो गडी. इटलीची सगळ्यात मोठी शर्यत जिरो दी इतालिया त्याने पाच वेळा जिंकली, टूर द फ्रान्स दोन वेळा जिंकली. एकाच वर्षात या दोन्ही शर्यती मारणारा तो जगातला पहिला माणूस.

आणि असा माणूस वयाच्या चाळिसाव्या वर्षी मलेरियाने गेला. आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला की गल्लीतला डॉक्टरसुद्धा ज्याची तपासणी करायला सांगतो, त्या मलेरियाने.

त्याची ही गोष्ट.

द्राक्षांच्या टेकड्यांतलं पोर

इटलीच्या वायव्येला पिएमोंते नावाचा प्रांत आहे. वाइनसाठी हा प्रांत जगात प्रसिद्ध. त्याच्या दक्षिण टोकाला तोर्तोना नावाचं शहर आणि शेजारून वाहणारी स्क्रिव्हिया नदी. ही नदी पुढे जाऊन पो या इटलीच्या सगळ्यात मोठ्या नदीला मिळते. तोर्तोनाच्या मागे टेकड्या सुरू होतात आणि त्या टेकड्यांवर द्राक्षबागा.

नाशिकच्या द्राक्षबागा डोळ्यासमोर आणा, फक्त जमीन सपाट नाही असं समजा. एक टेकडी चढायची, उतरायची, खाली ओढा किंवा छोटी नदी, की लगेच दुसरी टेकडी. सरळ रस्ता असा नाहीच. कास्तेल्लानिया हे यातल्याच एका टेकडीवरचं गाव.

१५ सप्टेंबर १९१९ ला फाउस्तोचा जन्म या गावात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील दोमेनिको, आई अँजोलिना आणि पाच भावंडं. शेती होती, पण पैसा नव्हता. पोरगा अंगाने किडकिडीत, पाय लांबलचक, छाती पुढे आलेली. शेतातल्या कष्टाच्या कामाला हा काही उपयोगाचा नाही असं घरच्यांना वाटायचं.

घरात एक जुनी मोडकी सायकल पडली होती. पोराने ती कशीबशी चालती केली आणि एक दिवस शाळा बुडवून फिरायला गेला. बाईंनी शिक्षा म्हणून मी शाळेत असायला हवं, सायकलवर नाही अशा अर्थाचं वाक्य शंभर वेळा लिहून घेतलं. त्याचा फार परिणाम झाला नाही.

तेराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. नोवी लिगुरे नावाच्या गावात सलामी आणि मांस विकणाऱ्या एका दुकानात तो कामाला लागला. काम काय, तर गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून पार्सल पोचवायचं. आजच्या भाषेत डिलिव्हरी बॉय.

नोवी लिगुरे खाली खोऱ्यात आणि घर वर टेकडीवर. अंतर वीसेक किलोमीटर. त्यामुळे दिवसभर पार्सलं टाकून झाल्यावर घरी जायचं म्हणजे पुन्हा चढ. पुढे आल्प्सच्या घाटात ज्या पायांनी भल्याभल्यांना मागे टाकलं, ते पाय या रोजच्या ये-जा मध्ये तयार झाले.

व्यापारी जहाजावर काम करणारा त्याचा एक काका होता. नाव त्याचंही फाउस्तो. पुतण्याचं वेड बघून त्याने पैसे दिले, त्यात वडिलांनी भर घातली आणि पोराला पहिली रेसिंगची सायकल मिळाली.

आंधळ्या मालिशवाल्याने हिरा ओळखला

नोवी लिगुरेमध्ये बियाजो कावान्ना नावाचा एक माणूस राहायचा. पेशा सायकलपटूंची मालिश करायचा. त्याआधी त्याने कोस्तान्ते जिरार्देंगो या इटलीच्या मोठ्या चॅम्पियनला तयार केलं होतं. पण पुढे कावान्नाची दृष्टी गेली.

डोळे गेले तरी हात शाबूत होते. पोरांच्या मांड्या, पाठ, छाती चाचपून तो सांगायचा की या गड्यात दम आहे की नाही. दुकानात काम करणाऱ्या या किडकिडीत पोराला त्याने हातानेच तपासलं आणि ठरवलं की याला घडवायचं. काय खायचं, किती झोपायचं, रोज किती किलोमीटर मारायचे हे सगळं कावान्ना ठरवायचा. कोप्पीने त्याची साथ शेवटपर्यंत सोडली नाही.

१९४० साली कोप्पीला लेन्यानो नावाच्या टीममध्ये जागा मिळाली. या टीमचा स्टार होता जिनो बार्ताली. तोवर दोन वेळा जिरो आणि एकदा टूर द फ्रान्स जिंकलेला. कोप्पीला घेतलं होतं ते ग्रेगारिओ म्हणून.

ग्रेगारिओ म्हणजे साध्या भाषेत साहेबाचा हमाल. टीमच्या स्टारसाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, वारा अडवायला त्याच्या पुढे सायकल चालवायची, त्याची सायकल पंक्चर झाली तर आपलं चाक काढून द्यायचं. स्वतः जिंकायचं नाही.

पण झालं असं की जिरोच्या दुसऱ्याच दिवशी बार्तालीच्या आडवा एक कुत्रा आला. तो पडला, जखमी झाला, मागे राहिला. पुढे फ्लोरेन्सहून मोदेनाला जाणाऱ्या टप्प्यात पावसात, घाटात, हा २० वर्षांचा हमाल सगळ्यांना मागे टाकून एकटाच निघून गेला आणि शर्यतीत पहिल्या नंबरवर आला. मग बार्तालीनेच मोठ्या मनाने पुढच्या डोंगरांत त्याला साथ दिली.

९ जून १९४० ला कोप्पी जिरो जिंकला. इतक्या कमी वयात ही शर्यत जिंकणारा तो पहिलाच आणि त्याचा तो विक्रम आजही कायम आहे.

दुसऱ्याच दिवशी, १० जूनला, मुसोलिनीने इटलीला दुसऱ्या महायुद्धात उतरवलं.

बॉम्ब, तुरुंग आणि सुताराची सायकल

खेळाडूच्या उमेदीची जी वर्षं असतात, ती युद्धाने खाल्ली. कोप्पी सैन्यात गेला. तरी ७ नोव्हेंबर १९४२ ला मिलानच्या विगोरेल्ली ट्रॅकवर त्याने एका तासात सगळ्यात जास्त अंतर कापण्याचा जागतिक विक्रम केला. अंतर होतं ४५.७९८ किलोमीटर. आधीच्या विक्रमापेक्षा फक्त ३१ मीटर जास्त. पण परिस्थिती बघा, दोनच आठवड्यांपूर्वी ब्रिटिश विमानांनी याच मिलानवर बॉम्ब टाकले होते. हा विक्रम पुढे १९५६ पर्यंत टिकला.

१९४३ च्या सुरुवातीला त्याला उत्तर आफ्रिकेत लढायला पाठवलं आणि एप्रिलमध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती लागला. जवळपास दोन वर्षं युद्धकैदी. १९४५ मध्ये ब्रिटिशांनी त्याला इटलीत नेपल्सजवळ आणलं. तिथे तो एका ब्रिटिश अधिकाऱ्याकडे नोकराचं काम करायचा.

हातात सायकल नव्हती. मग नेपल्सच्या एका वर्तमानपत्राने कोप्पीला सायकल द्या असं आवाहन छापलं आणि जवळच्या गावातल्या एका सुताराने स्वतःची सायकल त्याला दिली. जगज्जेत्या माणसाची दुसरी इनिंग सुरू झाली ती अशी उसन्या सायकलवर.

१९ मार्च १९४६. युद्धानंतरची पहिली मिलान–सान रेमो शर्यत. जवळपास २९० किलोमीटर, एका दिवसात. मिलानच्या सपाट मैदानातून निघायचं, तुर्किनो घाट ओलांडायचा आणि समुद्राच्या काठाने सान रेमो गाठायचं. रस्ते फुटलेले, पूल पडलेले.

कोप्पी सुरुवातीलाच काही जणांसोबत पुढे गेला. घाटात ते पण मागे पडले. तिथून जवळपास दीडशे किलोमीटर तो एकटाच चालवत राहिला. तो सान रेमोला पोचल्यावर दुसरा सायकलपटू यायला तब्बल १४ मिनिटं लागली.

हरलेल्या, उद्ध्वस्त झालेल्या देशाला हे बघायला मिळालं. कोप्पी इटलीचा लाडका झाला तो त्या दिवसापासून.

एका देशाचे दोन तुकडे

आता बार्ताली आणि कोप्पी वेगवेगळ्या टीममध्ये होते. कोप्पी बियांकी कंपनीच्या आकाशी रंगाच्या सायकलवर. आणि इटलीत जवळजवळ प्रत्येक माणूस या दोघांपैकी एकाच्या बाजूचा झाला.

बार्ताली तोस्कानाचा, वयाने पाच वर्षं मोठा, देवभोळा, चर्चचा लाडका, जुन्या वळणाचा. कोप्पी अबोल, नव्या विचारांचा. काय खाल्लं की किती ताकद मिळते याचा हिशोब ठेवणारा. सायकलचा एकेक भाग तपासून घेणारा. उत्तेजक गोळ्या त्या काळात सर्रास चालायच्या, नियमात बंदी नव्हती. आपण त्या घेतल्याचं कोप्पीने पुढे उघड मान्य केलं, लपवलं नाही.

दोघांच्या भांडणातला सगळ्यात मोठा दिवस आला १० जून १९४९ ला. जिरोचा कुनेओ ते पिनेरोलो हा टप्पा. अंतर २५४ किलोमीटर आणि वाटेत आल्प्सचे पाच घाट.

आपल्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला घाटांचा राजा म्हणतात. तो घाट चढून आपण खंडाळ्याला साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर येतो. या टप्प्यातला एकटा इझोआर घाट २,३६० मीटर उंच आहे आणि असे पाच घाट एकाच दिवसात होते. रस्ते बहुतांश कच्चे, दगडमातीचे.

कोप्पी पहिल्याच घाटात निघाला. पुढचे १९२ किलोमीटर तो एकटा होता. पिनेरोलोला पोचला तेव्हा बार्ताली जवळपास १२ मिनिटं मागे होता आणि तिसरा जवळपास २० मिनिटं. सायकलिंगच्या इतिहासातला हा सगळ्यात भारी दिवस मानणारे लोक आजही भेटतात.

त्याच वर्षी तो टूर द फ्रान्सला गेला. सुरुवातीलाच अपघात झाला, सायकल मोडली, मन खचलं आणि तो घरी जायला निघाला होता. टीमचा मॅनेजर आल्फ्रेदो बिंदाने कसंबसं थांबवलं. पहिल्या नंबरपासून अर्ध्या तासापेक्षा जास्त मागे पडलेला हा गडी डोंगर आल्यावर सगळं भरून काढून टूर जिंकला. जिरो आणि टूर एकाच वर्षात, असं आधी कुणालाच जमलं नव्हतं.

भाऊ गेला

कोप्पीचा एक दुबळेपणा होता. त्याची हाडं लवकर मोडायची. १९५० च्या जिरोमध्ये पडून त्याच्या कमरेचं हाड मोडलं.

पण खरा घाव बसला १९५१ मध्ये. धाकटा भाऊ सेर्से हाही सायकलपटू. मोठा चॅम्पियन नाही, पण फाउस्तोचा जीव त्याच्यात. स्वभावाने हसतमुख, अबोल भावाला बोलतं करणारा. तोरिनोजवळच्या एका शर्यतीच्या शेवटाला सेर्सेचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं आणि तो पडला. डोक्याला मार लागला, पण उठला, शर्यत पूर्ण केली, हॉटेलवर गेला. काही तासांनी त्रास सुरू झाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो वाचला नाही.

पुढच्याच आठवड्यात टूर द फ्रान्स होती. कोप्पी गेला, पण एका टप्प्यात रस्त्यावरच कोसळल्यासारखा झाला आणि अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला. आता हा संपला, असं लोक बोलू लागले.

१९५२ मध्ये तो परत आला आणि पुन्हा जिरो व टूर दोन्ही मारल्या. टूर २८ मिनिटांपेक्षा जास्त फरकाने. लोकांचा रस टिकून राहावा म्हणून आयोजकांना दुसऱ्या नंबरचं बक्षीस दुप्पट करावं लागलं, अशी वेळ त्याने आणली.

याच टूरमधला एक किस्सा. कोप्पीचा ग्रेगारिओ आंद्रेआ कार्रेआ एका टप्प्यात पुढच्या घोळक्यात लक्ष ठेवायला गेला आणि वेळेच्या हिशोबाने नकळत पूर्ण शर्यतीत पहिला आला. पहिल्या नंबरची पिवळी जर्सी मिळाली तर त्याला रडू कोसळलं. आनंदाने नाही, साहेब काय म्हणतील या भीतीने. कोप्पीला राग आला नाही. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझचा घाट टूरमध्ये पहिल्यांदाच होता. तो जिंकून कोप्पीने ती जर्सी स्वतःकडे घेतली.

आणि त्याच टूरमधला तो फोटो. घाटात बार्ताली आणि कोप्पीच्या हातात एकच पाण्याची बाटली. कोणी कोणाला दिली, यावर इटलीत आजही वाद होतो.

पांढऱ्या कोटातली बाई

१९५३ साली त्याने पाचवी जिरो जिंकली, स्टेल्व्हिओचा २,७५८ मीटर उंच घाट चढून. त्याच वर्षी तो विश्वविजेताही झाला. पण तेव्हापासून पेपरात शर्यतीपेक्षा दुसऱ्याच बातम्या जास्त येऊ लागल्या.

कोप्पीचं लग्न झालेलं होतं. बायको ब्रुना आणि मुलगी मारिना. तो जुलिया ओक्किनी नावाच्या स्त्रीच्या प्रेमात पडला. ती एका डॉक्टरची बायको, दोन मुलांची आई. शर्यतीच्या ठिकाणी पांढऱ्या कोटात दिसली म्हणून पेपरवाल्यांनी तिचं नाव पाडलं पांढऱ्या कोटातली बाई.

त्या काळी इटलीत घटस्फोट नव्हता. तो कायदा आला १९७० मध्ये. आणि व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता. पोलीस घरी आले. जुलियाला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. १९५५ मध्ये खटला चालला. तिला तीन महिन्यांची, त्याला दोन महिन्यांची शिक्षा झाली, दोन्ही स्थगित. त्यांच्या मुलाला बापाचं नाव लावता यावं म्हणून त्याचा जन्म अर्जेंटिनात ब्युनॉस आयर्सला करावा लागला.

ज्या लोकांनी त्याच्यासाठी रस्त्याकडेला तासन् तास उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्यातले बरेच जण आता शिव्या घालू लागले. वय वाढत होतं, पाय साथ देत नव्हते, तरी तो शर्यतींत उतरत राहिला. १९६० साठी त्याने एका नव्या टीमशी करार केला. टीमचा मॅनेजर कोण, तर जिनो बार्ताली. जुने दुश्मन एकत्र येणार होते.

एक खोली, दोन मित्र

डिसेंबर १९५९. पश्चिम आफ्रिकेतला अप्पर व्होल्टा, म्हणजे आजचा बुर्किना फासो. फ्रेंच सत्तेखाली स्वायत्त प्रजासत्ताक झाल्याची पहिली वर्षपूर्ती होती. त्या निमित्ताने राजधानी वागादुगूमध्ये एक प्रदर्शनीय शर्यत ठेवली आणि युरोपातले मोठे सायकलपटू बोलावले. कोप्पी, फ्रान्सचा जाक आंकेतील, राफाएल जेमिनियानी आणि आणखी काही जण.

शर्यत झाली, मग शिकारीचा बेत झाला. कोप्पी आणि त्याचा जुना दोस्त जेमिनियानी एकाच खोलीत झोपले. खोलीत डासांचा सुळसुळाट होता.

नाताळच्या आधी दोघेही आपापल्या घरी परतले. आणि नाताळ उलटता उलटता दोघांनाही ताप भरला.

हा ताप होता फाल्सिपेरम मलेरियाचा, म्हणजे मलेरियाच्या सगळ्यात घातक प्रकाराचा. डास चावल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांनी ताप येतो. तोवर परजीवी आधी यकृतात आणि मग रक्ताच्या लाल पेशींत वाढत असतात. वेळेत औषध मिळालं नाही तर लहान रक्तवाहिन्या तुंबतात, मेंदू आणि मूत्रपिंड निकामी होतात. ओळखायचा उपाय मात्र सोपा. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. औषध क्विनीन, जे युरोपला तीनशे वर्षांपासून माहीत होतं.

फ्रान्समध्ये जेमिनियानी बेशुद्ध झाला, पण त्याचं रक्त पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटला तपासायला गेलं. उत्तर आलं मलेरिया. औषध सुरू झालं.

त्याच्या घरच्यांनी इटलीला निरोप पाठवला की हा मलेरिया आहे, कोप्पीलाही तेच असणार. पण इटलीतल्या डॉक्टरांनी तो मनावर घेतला नाही. त्यांच्या मते हा श्वसनाचा आजार होता आणि उपचारही त्याचेच चालू राहिले.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मलेरिया हा शब्दच इटालियन आहे. माला आरिया म्हणजे खराब हवा. शतकानुशतकं इटलीने हा आजार भोगला. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादला मलेरियाचा परजीवी डासात शोधला, आणि पुढच्याच वर्षी माणसाला हा आजार ॲनोफिलीस डासातून होतो हे दाखवलं ते रोमच्या ग्रासी नावाच्या शास्त्रज्ञाने. पण युद्धानंतर इटलीतून मलेरिया जवळपास हटला होता आणि उत्तर इटलीत, ऐन थंडीत, तापाच्या पेशंटला मलेरिया असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

२ जानेवारी १९६० ला सकाळी तोर्तोनाच्या हॉस्पिटलमध्ये फाउस्तो कोप्पी गेला. ज्या खोऱ्यात तो पार्सलं पोचवायचा, तिथेच. जेमिनियानी शुद्धीवर आला तोवर त्याचा दोस्त राहिला नव्हता.

कास्तेल्लानियाच्या अरुंद चढावर अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली. शिव्या घालणारेही त्यात होते आणि बार्तालीही होता. कोप्पीला सेर्सेच्या शेजारी ठेवलं. पुढे २००२ मध्ये त्याच्यावर आफ्रिकेत विषप्रयोग झाल्याची अफवा उठली, सरकारी चौकशीही झाली. त्यातून विष काही निघालं नाही, कारण मलेरियाच राहिलं.

आज जिरोच्या मार्गावरच्या सगळ्यात उंच घाटाला 'चिमा कोप्पी' म्हणजे कोप्पीचं शिखर म्हणतात. १९६५ पासून ही प्रथा आहे. नोवी लिगुरेत चॅम्पियन सायकलपटूंचं म्युझियम आहे. आणि तोर्तोनाच्या द्राक्षबागांमधून कास्तेल्लानियाला जाणारा चढ सायकलवाल्यांची पंढरी झाली आहे.

त्या खोलीत कोप्पीसोबत झोपलेला राफाएल जेमिनियानी जुलै २०२४ मध्ये वारला. तेव्हा तो ९९ वर्षांचा होता. तोच डासांचा त्रास, तोच ताप, तीच वेळ. एकाच्या रक्ताची तपासणी वेळेत झाली म्हणून त्याला आणखी ६४ वर्षं मिळाली.